डब्यांची जोड : कोल्हापूर–मिरज लोहमार्गाच्या निमित्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून मुंबईस जावयास निघालेला प्रवासी मिरजकर तिकटी मागे टाकून स्टेशनाची वाट धरतो, फलाटावर लागलेल्या गाडीत आपला डबा शोधतो, सामान लावतो आणि स्वस्थ बसतो. पंधरा-वीस डब्यांची ती रांग एकाच इंजिनाच्या मागे रात्रभर धावेल, यात त्याला नवल वाटत नाही. दोन डब्यांच्या मधल्या, जेमतेम मनुष्य उभा राहील एवढ्या जागेकडे त्याची दृष्टी जात नाही. लोहमार्गाच्या इतिहासकारांची दृष्टीही तिकडे क्वचितच गेली आहे. इंजिने, पूल, घाट, कंपन्यांचे करारमदार आणि भांडवल यांविषयी विपुल लिहिले गेले. डब्याला डबा कसा जोडला जातो आणि तो कोण जोडतो, हा विषय मात्र कारखान्यातील तांत्रिक पुस्तिकांपुरताच राहिला.

या उपेक्षेचा माग भाषेतही लागतो. मराठीत ‘गाडी’ म्हणजे मूळचे एक वाहन : दोन चाके, एक जू, बैलांची एक जोडी. आगगाडी आली तेव्हा वाहनांच्या सबंध रांगेला ‘गाडी’ हे एकवचनी नाव मिळाले. आणि जे वस्तुतः स्वतंत्र चाकांचे स्वतंत्र वाहन होते त्याला ‘डबा’ म्हणण्यात येऊ लागले. अनेक गाड्यांची एक गाडी झाली, आणि ती ज्यामुळे झाली त्या साधनाला मात्र स्वतःचे रूढ मराठी नाव मिळाले नाही. ‘जोड’, ‘आकडा’, ‘साखळी’ असे शब्द प्रसंगानुसार वापरले जातात. कामगारांच्या तोंडी ‘कपलिंग’ हाच शब्द आहे. ज्या वस्तूमुळे नाव बदलले तीच वस्तू निनावी राहिली.

कोल्हापूर–मिरज हा मार्ग या विषयाच्या अभ्यासास विशेष सोयीचा आहे. जेमतेम २९ मैलांचा हा फाटा. परंतु प्रवासी डब्यांच्या जोडणीचे तीन प्रकार येथे एकामागून एक येऊन गेले किंवा आले. त्यांचा क्रम मात्र ‘जुन्याकडून नव्याकडे’ असा सरळ नाही. येथील अनुभवावरून असे दिसते की, जोड कोणती असावी हे जोडीच्या गुणदोषांवरून क्वचितच ठरते. ते शेजारच्या मार्गावर काय आहे यावरून ठरते. आणि या निर्णयाची किंमत जो मोजतो तो मनुष्य निर्णयाच्या वेळी उपस्थित नसतो.

२. साखळीपासून स्क्रूपर्यंत

१८३० साली लिव्हरपूल–मँचेस्टर मार्ग सुरू झाला तेव्हा डबे साध्या साखळ्यांनी एकमेकांस बांधलेले असत. साखळीत ढील असते. इंजिन हलले की पहिली साखळी ताणली जाई, मग दुसरी, मग तिसरी; आणि प्रत्येक डब्यातील उतारूंना आपापल्या पाळीचा हिसका बसे. गाडी थांबताना उलटा प्रकार होई. डबे एकमेकांवर आदळत. माल वाहून नेणाऱ्या खाणीच्या गाड्यांत हा दोष खपून जात होता. माणसे बसू लागल्यावर तो खपेना.

याच कंपनीचा चिटणीस व खजिनदार हेन्री बूथ याने १८३६ मध्ये स्क्रू कपलिंगचे पेटंट घेतले. त्याची रचना समजून घेण्यास मंगळवार पेठेतल्या वाचकाला दूर जावे लागणार नाही. शिवाजी उद्यमनगरातील लेथवर काम करणारा कोणताही कारागीर ती सांगू शकेल. एका लोखंडी दांडीच्या अर्ध्या भागावर उजवे आटे व उरलेल्या अर्ध्या भागावर डावे आटे पाडलेले असतात. दोन्ही टोकांवर एकेक नट आणि त्या नटांना एकेक कडी. मध्ये दांडी फिरविण्यासाठी मूठ. एक कडी आपल्या डब्याच्या आकड्यात कायमची अडकविलेली असते. दुसरी समोरच्या डब्याच्या आकड्यावर चढवावयाची आणि मूठ फिरवावयाची. आटे परस्परविरुद्ध असल्यामुळे दोन्ही नट एकाच वेळी आत सरकतात, कड्या जवळ येतात आणि डबे एकमेकांकडे ओढले जातात. डब्यांच्या दोन्ही बाजूंना असलेल्या स्प्रिंगच्या बफरांची तोंडे एकमेकांस भिडून किंचित दबेपर्यंत हे चालते. आता ओढ आकड्यांवर आणि रेटा बफरांवर. मध्ये ढील नाही. गाडी सुटताना सर्व डबे जवळजवळ एकदमच हलतात.

प्रवाशाच्या सुखाचा प्रश्न अशा रीतीने सुटला. परंतु याच रचनेत एक दुसरा प्रश्न जन्मास आला. कडी आकड्यावर चढविण्यासाठी आणि मूठ फिरविण्यासाठी कोणीतरी दोन डब्यांच्या मध्ये, दोन बाजूंच्या बफरांच्या आत, उभे राहणे आवश्यक झाले. डबा पूर्ण थांबण्यापूर्वी तो वाकून आत शिरला, किंवा तो आत असताना इंजिन हात-दोन हात सरकले, तर बफरांच्या मध्ये सापडणे हा त्याचा परिणाम होय. युरोपातील लोहमार्गांनी पुढे बर्न येथील करारमदारांतून डब्याच्या टोकाशी या माणसापुरती मोकळी जागा राखण्याचे मापच ठरवून दिले. ते ‘बर्न चौकट’ या नावाने ओळखले जाते. यंत्राच्या नकाशात माणसाच्या देहाला राखून ठेवलेली ही चौकट, तो देह तेथे रोज जाणारच हे गृहीत धरून आखलेली होती.

भारतात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन निघाली. त्यापुढे साडेपाच फूट मापाचे, म्हणजे ब्रॉड गेजचे, जे मार्ग वाढत गेले त्यांवर इंग्लंडातील ही बाजूच्या बफरांची व स्क्रूची पद्धतीच प्रमाण म्हणून स्थिर झाली.

३. मीटर गेज आणि मधली जोड

लॉर्ड मेयो याच्या कारकीर्दीत, १८७० च्या सुमारास, हिंदुस्थान सरकारने खर्च वाचविण्यासाठी दुय्यम मार्गांकरिता मीटर गेज स्वीकारले. रुळांमधील अंतर कमी करण्याचा हा निर्णय वरवर पाहता जोडणीशी संबंध नसलेला आहे. प्रत्यक्षात त्याने जोडणीही बदलली.

अरुंद मार्गाचा लाभ हाच की त्यावर तीव्र वळणे घेता येतात. म्हणून डोंगर पोखरावे लागत नाहीत व जमीन कमी लागते. परंतु तीव्र वळणावर डब्याच्या दोन बाजूंचे बफर गैरसोयीचे ठरतात. वळणाच्या आतल्या बाजूचे बफर अतिशय दबतात आणि बाहेरच्या बाजूचे एकमेकांपासून सुटतात. वळण फारच तीव्र असेल तर एक बफर दुसऱ्याच्या मागे अडकून डबा रुळावरून उतरण्याची भीती असते. यावर उपाय म्हणजे दोन बफरांऐवजी डब्याच्या मध्यभागी एकच बफर बसविणे, आणि ओढण्याचे कामही त्याच्याच ठायी एकत्र करणे. नॉर्वेच्या अरुंद मार्गांवर ही पद्धत प्रथम रूढ झाली, म्हणून तिला नॉर्वेजियन जोड म्हणतात. एका डब्याच्या मधल्या बफरात बिजागरीवर फिरणारा जड आकडा असतो. डबे भिडल्यावर तो समोरच्या बफरातील खिळीवर पाडला जातो. इंग्रजी बोलणाऱ्या रेल्वेवाल्यांनी त्या आकड्याला ‘चॉपर’ हे खाटकाच्या सुऱ्याचे नाव दिले, यावरून त्याच्या आकाराची कल्पना यावी. भारतातील मीटर गेजवर मध्यवर्ती बफराची ही जातच प्रमाण झाली.

या जोडीत दोष होते. ढील स्क्रूच्या जोडीपेक्षा अधिक. त्यामुळे हिसकेही अधिक. आकडा उचलण्यासाठी व पाडण्यासाठी माणूस येथेही लागतच होता. परंतु दोन्ही बाजूंना बफर नसल्यामुळे त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर लोखंडी तोंडे आडवी येत नव्हती. ज्या मार्गाला ‘दुय्यम’ व ‘स्वस्त’ म्हणून हिणविले गेले, त्याची जोड या एका बाबतीत मुख्य मार्गाच्या जोडीच्या पुढे होती, असे म्हणावयास हरकत नाही.

४. संस्थानचा मार्ग आणि कंपनीची जोड

कोल्हापूर–मिरज मार्गाच्या कामास १८८८ मध्ये प्रारंभ झाला. त्या वेळी शाहू महाराज चौदा वर्षांच्या आतबाहेर होते. राज्याधिकार त्यांच्या हाती १८९४ मध्ये आला. मार्ग १८९१ मध्ये वाहतुकीस खुला झाला. तो कोल्हापूर संस्थानच्या मालकीचा होता. तो चालविण्याचे काम मात्र सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडे होते. ही कंपनी १ जानेवारी १९०८ पासून मद्रास रेल्वेशी एकत्र होऊन ‘मद्रास अँड सदर्न मराठा’ या नावाने प्रसिद्ध झाली.

मालकी आणि चालकी यांतील ही विभागणी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पैसा संस्थानचा, जमीन संस्थानची, रुकडीजवळ पंचगंगा ओलांडणारा मार्ग संस्थानचा. परंतु डब्याच्या टोकाला कोणती जोड असावी हे ठरविण्याचे स्वातंत्र्य संस्थानला वस्तुतः नव्हतेच. पुण्याहून मिरजेकडे आलेला मार्ग मीटर गेजचा होता. कोल्हापूरचा डबा मिरजेत त्या गाडीस जोडावयाचा तर त्याचा बफर तितक्याच उंचीवर, त्याचा आकडा तशाच घडणीचा असणे क्रमप्राप्त होते. संस्थानाला स्वतःचा मार्ग असू शकतो, स्वतःची जोड असू शकत नाही. भाषाशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यास ही स्थिती अपरिचित वाटणार नाही. शब्द हा वापरणाऱ्याच्या मालकीचा असला तरी त्याचा अर्थ समोरच्याशी झालेल्या संकेतावर अवलंबून असतो. एकट्याने केलेला संकेत हा संकेतच नव्हे.

त्या संकेताची सीमा पुण्यास होती. तेथे मीटर गेज संपे आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे ब्रॉड गेज सुरू होई. कोल्हापूरहून मुंबईस जाणाऱ्या उतारूस तेथे गाडी बदलावी लागे आणि मालाची पोती एका डब्यातून दुसऱ्या डब्यात पाठीवरून न्यावी लागत. कोल्हापूरचा गूळ असो वा मुंबईचे कापड असो, पुण्याच्या आवारात त्याला हमालाचा खांदा चुकत नसे. जोडीचे काम यंत्राने करावयाचे नाकारले की ते माणसाच्या अंगावर येते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

१९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फूट मापाचा मार्ग मिरजेस येऊन पोहोचला. आता मिरजेतही दोन मापे झाली. पंढरपूरच्या बाजूने आलेली छोटी गाडी आणि पुणे-कोल्हापूरची मीटर गेजची गाडी एकाच स्टेशनात शेजारी उभ्या राहत. त्यांचे उतारू एकमेकांत मिसळत. डबे मिसळत नसत.

५. जोड तुटल्यावर काय?

डबे जोडण्याचा विचार त्यांच्या तुटण्याच्या विचारावाचून पुरा होत नाही. कोल्हापूरच्या मार्गाचे काम चालू असतानाच, १२ जून १८८९ रोजी, आयर्लंडमधील आर्मा येथे एक अपघात झाला. चढावर इंजिनास गाडी ओढवेना म्हणून ती मध्येच तोडून पुढचा भाग आधी नेण्याचे ठरले. मागे सोडलेल्या डब्यांस पुढील भागाचा किंचित धक्का बसला आणि ते उतारावरून मागे घरंगळत जाऊन पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मेली. त्यांत सहलीस निघालेली मुले बरीच होती. त्या गाडीस ब्रेक होते. परंतु ते असे होते की डबे इंजिनापासून तोडताच निरुपयोगी व्हावेत. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून प्रवासी गाड्यांस आपोआप लागणारे सलग ब्रेक सक्तीचे केले.

भारतीय मार्गांवर जो व्हॅक्यूम ब्रेक सार्वत्रिक झाला त्याचे तत्त्व असे : सर्व डब्यांखालून एक नळी जाते आणि इंजिन त्या नळीतील हवा सतत ओढून घेते. नळीत पोकळी आहे तोवर ब्रेक सुटलेले. हवा आत शिरली की ब्रेक लागलेले. गाडी कोठेही तुटली तर दोन डब्यांमधील रबरी नळीही निसटते, हवा आत घुसते, आणि पुढचा व मागचा असे दोन्ही भाग आपोआप थांबतात. म्हणजे जोड ही आता केवळ ओढणारी वस्तू राहिली नाही. तिच्याशेजारून जाणारी ती नळी ‘जोड शाबूत आहे’ ही वार्ता अखंड सांगत राहते. वार्ता थांबणे हाच इशारा. पुढे व्हॅक्यूमची जागा दाबाच्या हवेने घेतली. तत्त्व तेच राहिले.

उतारूचे संरक्षण अशा रीतीने कायद्याने व यंत्राने केले. दोन डब्यांमध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाविषयी मात्र ब्रिटनमध्ये वा भारतात तितकीच तातडी दिसली नाही.

६. दोन परदेशी उदाहरणे

ती तातडी अन्यत्र दिसली. अमेरिकेत डबे जोडण्याची पद्धत याहूनही ओबडधोबड होती. समोरून येणाऱ्या डब्याची कडी हाताने धरून आपल्या डब्याच्या खोबणीत घालावयाची आणि वरून खिळी सोडावयाची, असा तो प्रकार. क्षणाची चूक झाली तर बोटे जात; पाय घसरला तर प्राण जात. ज्याची सर्व बोटे शाबूत आहेत तो कामावर नवखा, अशी तेथे समजूत होती. ईलाय जॅनी याने १८७३ मध्ये पेटंट घेतलेली जोड माणसाच्या हाताची मिटलेली बोटे एकमेकांत अडकवावी तशी होती : दोन पोलादी पंजे भिडताच आपोआप गुंतत आणि बाजूच्या दांड्याने सोडविता येत. मध्ये शिरण्याचे कारणच उरले नाही. परंतु शोध लागला म्हणून कंपन्यांनी तो स्वीकारला नाही. आयोवातील लोरेन्झो कॉफिन याने त्यासाठी वर्षानुवर्षे चळवळ केली, आणि अखेर २ मार्च १८९३ रोजी अध्यक्ष हॅरिसन यांच्या सहीने स्वयंचलित जोड सक्तीची करणारा कायदा झाला. पेटंट आणि कायदा यांच्यामध्ये वीस वर्षे गेली. कायद्याची पुरी अंमलबजावणी होण्यास आणखी सात.

दुसरे उदाहरण जपानचे. तेथील मार्गांवर इंग्रजी पद्धतीची स्क्रूची जोड होती. ती बदलावयाची तर अडचण अशी की अर्धे डबे नव्या जोडीचे व अर्धे जुन्या जोडीचे असे एक दिवसही चालविता येत नाही. जुने आणि नवे एकमेकांस जोडलेच जात नाहीत. जपानी रेल्वेने कित्येक वर्षे आधी तयारी केली, नवे सांगाडे डब्यांबरोबर वागविले, कामगारांकडून तालीम करून घेतली, आणि जुलै १९२५ मध्ये मालगाड्या थांबवून मुख्य होन्शू बेटावरील जोडी एका दिवसात बदलल्या.

या दोन उदाहरणांचे तात्पर्य एकच आहे. जोड ही अशी वस्तू आहे की जिच्यात एकट्यादुकट्याने सुधारणा करता येत नाही. एखादे स्टेशन चांगला दिवा लावू शकते, एखादी कंपनी चांगले इंजिन घेऊ शकते. पण चांगली जोड सर्वांनी मिळून घ्यावी लागते. म्हणून तेथे कायदा तरी लागतो किंवा एका हाताखालील सबंध यंत्रणा तरी.

७. १९७१ : रुंद मार्ग, जुनी जोड

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १४ एप्रिल १९५१ रोजी स्थापन झालेल्या दक्षिण रेल्वेत मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा समावेश झाला. मालक बदलले, माप व जोड तीच राहिली. पुणे–मिरज–कोल्हापूर मार्गाचे रुंदीकरण होऊन १९७१ मध्ये ब्रॉड गेजची गाडी कोल्हापुरात आली, आणि महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापूरचा उतारू पुण्यास न उतरता मुंबईस जाऊ लागला. मीटर गेजच्या ऐंशी वर्षांत जे घडले नव्हते ते घडले. कोल्हापूरच्या व्यापारास व शिक्षणास त्याचा लाभ झाला, यात शंका नाही.

परंतु डब्यांच्या टोकांकडे पाहिल्यास चित्र निराळे दिसते. ब्रॉड गेजवरील प्रवासी डबे तेव्हा पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बनत. २ ऑक्टोबर १९५५ रोजी सुरू झालेल्या या कारखान्याने स्विस कंपनीच्या सहकार्याने पोलादी, एकसंध सांगाड्याचा उत्तम डबा घडविला. तथापि त्याच्या दोन टोकांना बाजूचे बफर आणि हेन्री बूथच्या तत्त्वावरील स्क्रूची जोड होती. कारण उघड होते : देशभर ब्रॉड गेजवर धावत असलेल्या हजारो डब्यांस तीच जोड होती, आणि नवा डबा जुन्यास जोडता आला पाहिजे. अशा रीतीने कोल्हापूरने १९७१ मध्ये मधल्या बफराची पद्धत सोडून १८३६ मधील पद्धत स्वीकारली. मार्ग रुंद झाला, वेग वाढला, डबा नवा आला. आणि जोड मागे गेली.

ही कोणाची चूक नव्हती. पुण्याची सांधफट बुजवावयाची तर पुण्याची जोड घेणे भागच होते. आणि ती फटही नाहीशी झाली नाही, ती सरकली. मिरजेच्या दक्षिणेकडे हुबळी-बंगळूरचा मार्ग १९९० च्या दशकापर्यंत मीटर गेजचाच राहिला. त्यामुळे पूर्वी पुण्यास होणारी गाडीची अदलाबदल आता दक्षिणेस जाणाऱ्या कोल्हापूरकराला मिरजेस करावी लागली.

८. मधल्या जोडीचे पुनरागमन

मध्यवर्ती जोड पुन्हा आली ती ब्रॉड गेजवरूनच. जर्मनीतील लिंके-हॉफमान-बुश या कंपनीच्या नमुन्याचे डबे या शतकाच्या आरंभी भारतात आले आणि पुढे देशातच बनू लागले. त्यांच्या टोकास बाजूचे बफर नाहीत. जॅनीच्या पंजाच्या वंशातील, घट्ट बसणारी व वरखाली न निसटणारी जोड आहे. तिचा मुख्य लाभ अपघाताच्या वेळी दिसतो. जुन्या जोडीचे डबे आघात होताच एकमेकांवर चढतात किंवा एकमेकांत घुसतात. नव्या जोडीचे डबे रुळावरून उतरले तरी बहुधा रांगेत राहतात. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मध्ये सर्व प्रवासी डबे या नमुन्याचे करण्याची शिफारस केली. पेरांबूरच्या कारखान्याने आपल्या जुन्या नमुन्याचे उत्पादन २०१८ मध्ये थांबविले.

सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर–पुणे वंदे भारत एक्सप्रेस सुरू झाली. तिची जोडणी आणखी निराळी आहे. तिचे डबे कारखान्यात वा दुरुस्तीच्या शाळेतच सोडवावयाचे असतात, फलाटावर नव्हे. कोल्हापूर हे टोकाचे स्टेशन असल्यामुळे येथे येणाऱ्या साध्या गाडीचे इंजिन सोडवून दुसऱ्या टोकास जोडावे लागते, आणि १८९१ पासून हे काम येथे नित्य होत आले आहे. वंदे भारतच्या दोन्ही टोकांस चालकाची खोली असल्याने तिला ते करावे लागत नाही. ती येते आणि कोणीही मध्ये न शिरता परत जाते.

परंतु सर्व गाड्या तशा नाहीत. याच वर्षी, ९ नोव्हेंबर २०२४ रोजी, बिहारमधील बरौनी स्टेशनात गाडीचे इंजिन सोडविताना रेल्वेचा एक कर्मचारी इंजिन व डबा यांच्यामध्ये सापडून मरण पावला. बर्न चौकटीत उभ्या राहणाऱ्या माणसाचा प्रश्न अद्याप संपलेला नाही.

९. सांधेवाला

या माणसाला मराठीत नाव आहे, आणि ते लक्षणीय आहे. लहान-मोठ्या स्टेशनांवर डबे जोडण्याचे-सोडण्याचे काम प्रायः सांधेवाला करतो. ‘सांधा’ हा शब्द रेल्वेच्या मराठीत डब्यांच्या जोडीस लागला नाही. तो लागला रुळांच्या जोडीस, जेथून गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाते त्या ठिकाणास. ‘सांधे बदलणे’ हा प्रयोग त्यातूनच रूढ झाला. रूळ बदलण्याच्या कामाने त्याला नाव मिळाले आणि डबे जोडण्याचे काम त्या नावात मुकेपणाने सामावले. जोड निनावी राहिली, तसे तिच्यापाशी केलेले कामही निनावी राहिले.

प्रवाशाची भाषा याहून निराळी साक्ष देते. गाडी फलाटाला ‘लागते’ आणि फलाटावरून ‘सुटते’. नाव किनाऱ्याला लागते व सुटते, तीच ही क्रियापदे. जोडले जाणे व मोकळे होणे या दोनच क्रिया मराठी माणसाने आगगाडीच्या प्रवासाच्या दोन टोकांस योजल्या, आणि त्या दोन्ही त्याने गाडीच्या नावे लिहिल्या, करणाऱ्याच्या नव्हे. व्याकरणदृष्ट्या ही अकर्मक रूपे आहेत. लागणारी व सुटणारी गाडी कर्ता होते. लावणारा व सोडणारा वाक्यात येत नाही.

कोल्हापूर–मिरज मार्गाचा जोडणीचा इतिहास हा अशा वगळलेल्या कर्त्याचा इतिहास आहे. १८९१ मध्ये जोड कंपनीने ठरविली, १९७१ मध्ये देशातील इतर डब्यांनी ठरविली, आणि २०२४ मधील नव्या गाडीची तिच्या कारखान्याने. प्रत्येक वेळी निर्णयाची कारणे सबळ होती. आणि प्रत्येक वेळी, ज्याला त्या जोडीपाशी उभे राहावयाचे होते, त्याच्या दृष्टीने ती चांगली ठरते की वाईट, हा प्रश्न गौण राहिला. अमेरिकेत तो प्रश्न कायद्याच्या पटलावर येण्यास पेटंटानंतर वीस वर्षे लागली; भारतात शिफारस २०१२ ची आहे, आणि तीही मुख्यतः उतारूच्या संरक्षणाकरिता. लोहमार्गाच्या स्थानिक इतिहासाचे साहित्य जमविणाऱ्या विद्यार्थ्यांनी कंपन्यांच्या अहवालांबरोबर सांधेवाल्यांच्या आठवणी, त्यांचे शब्द आणि त्यांना झालेल्या दुखापतींच्या नोंदीही टिपून ठेवणे अगत्याचे आहे. मीटर गेजचा आकडा हाताने उचललेली माणसे आता थोडी उरली आहेत.